भाऊजींना न कळवता बदललेला गीझर

गीझर बदलायचा हे वहिनींनी मनाशी केव्हाच पक्कं केलं होतं. अडचण गीझरची नव्हती, भाऊजींची होती.

भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. नोकरी जमीन मोजणीच्या कार्यालयात, पण सगळ्या नातेवाइकांत त्यांची ओळख 'आपला इंजिनिअर' अशी. लहानपणी त्यांनी घरातला बंद पडलेला रेडिओ उघडला होता आणि तो सुरू झाला होता. तो त्यांनी सुरू केला की आपला आपणच झाला, याची चौकशी कोणी केली नाही. तेव्हापासून नात्यात ज्याच्याकडे जे बिघडेल ते भाऊजींच्या गळ्यात पडायचं. दर रविवारी ते तपकिरी पिशवीत पकडी, पाने, स्क्रू ड्रायव्हर घालून कुणा ना कुणाकडे जायचे, आणि सख्ख्या भावाचं घर म्हणून बहुतेक वेळा वहिनींकडेच.

त्यांच्या हाताखालून गेलेली वस्तू चालू व्हायची, हे मान्यच करायला हवं. फक्त ती पूर्वीसारखी चालायची नाही. बैठकीतला पंखा स्वयंपाकघरातल्या दिव्याच्या बटणावर फिरायचा, त्यामुळे जेवण झालं तरी दिवा मालवता येत नसे. दाराची बेल एकदा दाबली की वाजतच राहायची. ती थांबवायला पुन्हा दाबावी लागे, आणि हे पाहुण्याला सांगायला आधी दार उघडावं लागे.

त्यात वस्तीतलं पाणी जड. नळांच्या तोंडाला पांढऱ्या दाढ्या आलेल्या, साबण कितीही घासला तरी फेस येईल तर शपथ. शॉवरची अर्धी भोकं क्षारांनी बुजलेली आणि उरलेल्यांतली एक धार थेट आरशावर. गीझर चालू केला की आधी कुरकुर करायचा, मग आत तडतड सुरू व्हायची, आणि शेवटी कुणीतरी फरशीवरून लोखंडी कपाट ओढत नेतंय असा आवाज यायचा. एवढं सगळं होऊन पाणी येई कोमट.

भाऊजींनी त्याची कॉइल बदलली, थर्मोस्टॅट बदलला, खालचा नळ बदलला. एका रविवारी आतून एक कुरतडलेला, सडलेला रॉड काढून "हे काय कामाचं नाही" म्हणत बाजूला टाकला आणि त्या भोकात बूच बसवलं. त्यानंतर काही महिन्यांनी पाणी तांबूस यायला लागलं. मग टाकी खालून ठिबकायला लागली. वहिनींनी खाली एक डबा ठेवला. भाऊजी म्हणाले, "वॉशर गेलाय. बघतो."

"टाकीच गेलीय," वहिनी रात्री जेवताना नवऱ्याला म्हणाल्या. "वॉशरमधून गंज येत नाही."

"मला कळतंय गं," नवरा म्हणाला. "पण दुसऱ्या कुणाला बोलावलं तर त्याला वाईट वाटेल."

वहिनींचा नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. शेजारी बसलेला माणूस गाडी विजेच्या खांबाकडे नेत असताना "ब्रेक... ब्रेक दाबू या का?" असं शांतपणे विचारण्यात त्याचा जन्म गेला होता. तो कुणालाच टाकून बोलायचा नाही, धाकट्या भावाला तर नाहीच.

आणि वाईट वाटेल ही भीती अगदीच हवेतली नव्हती. मागे एकदा कपडे धुण्याचं मशीन कंपनीच्या माणसाकडून दुरुस्त करून घेतलं होतं. भाऊजी आले, त्यांनी मशीनवरून हात फिरवला, "छान केलंय" म्हणाले आणि त्यानंतर कित्येक आठवडे त्यांनी त्या घरात एक धड वाक्य उच्चारलं नाही. चहा पितानासुद्धा भिंतीकडे बघायचे. नवऱ्याने त्या मशीनचा असा काही धसका घेतला होता की त्यात कपडे टाकताना तो आजूबाजूला बघायचा.

म्हणून वहिनींनी चोरून काम उरकायचं ठरवलं. त्या औषधाच्या दुकानात काउंटरवर असायच्या, आणि गुडघ्यावर मारायचा स्प्रे न्यायला येणारा एक जाडसर गृहस्थ गीझरवाला निघाला. त्याला त्यांनी आठवड्याच्या मधल्या दिवशी, भाऊजी कचेरीत असतील अशा वेळी बोलावलं. नवा गीझर आदल्या दिवशीच आला होता. तो बेडरूममध्ये उभा करून त्यावर चादर टाकली होती. शेजारीण काहीतरी मागायला आली तेव्हा त्या चादरीकडे बघून तिने आवाज खाली आणला आणि कोण आजारी आहे असं विचारलं.

गीझरवाला वेळेवर आला. गुडघ्याला पट्टा, तोंडाला विराम नाही. या भागातले निम्मे गीझर आपणच बसवलेत आणि उरलेले निम्मे आपणच काढणार आहोत, असं त्याने बूट काढता काढता सांगितलं. त्याने जुन्या गीझरचा पाणीपुरवठा बंद केला, वायर सोडवली आणि टाकी रिकामी करायला खालचा नळ उघडला. दोन-चार थेंब पडले आणि नळ गप्प झाला.

"आत खपल्या साचल्यात, ताई. तोंड बुजलंय. भरलेलाच उतरवावा लागेल."

"पेलवेल?"

"मला नाही. साहेबांना बोलवा."

साहेब आले. दोघांनी मिळून गीझर भिंतीवरून उतरवला तेव्हा दोघांच्याही तोंडून एकच आवाज निघाला. टाकीत जेवढं पाणी होतं त्याहून जास्त दगड होता. कसाबसा तो दारातून बाहेर काढला आणि जिना उतरायला घेतला. वळणावर गीझरवाल्याचा गुडघा आखडला. तो भिंतीला टेकला, नवरा कठड्याला टेकला, मध्ये गीझर. वर जाता येईना की खाली. वहिनी वरच्या पायरीवर उभ्या राहून "सांभाळून" एवढंच म्हणत होत्या, कारण दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं.

नेमके तेव्हाच भाऊजी जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले.

त्यांच्या बुटांना माती होती, हातात कागदाची छोटी पुडी. भाऊजींनी आधी गीझरकडे, मग गीझरवाल्याकडे आणि शेवटी भावाकडे पाहिलं.

"दादा, हे काय?"

"वजन बघत होतो," नवरा म्हणाला.

"कशाचं?"

"याचंच."

"किती आहे?"

"बरंच आहे."

भाऊजींनी मान हलवली. "इथं जवळच मोजणी होती," ते वहिनींना म्हणाले. "म्हटलं जाता जाता वॉशर देऊन जावं." त्यांनी पुडी पायरीवर ठेवली, बाह्या वर केल्या आणि गीझरला खालून हात दिला. तिघांनी तो खाली अंगणात नेला.

गीझरवाल्याने टाकी आडवी केली, बूच काढलं आणि टाकी गदागदा हलवली. पांढऱ्या खपल्यांचा ढीग पडला. अंड्याच्या टरफलासारख्या पातळ, काही बोटभर जाड, काहींवर कॉइलच्या वळणाचा ठसा जसाच्या तसा. मग त्याने भोकात बोट घालून पाहिलं.

"यातला रॉड कुठंय?"

वहिनी अंगणातल्या नळाकडे बघायला लागल्या. नवऱ्याने चष्मा काढून पुसायला घेतला.

"कंपनीनेच दिला नसेल," वहिनी म्हणाल्या.

"असं कसं होईल, ताई? तो सडायलाच बसवलेला असतो. पाणी त्याला खातं आणि टाकीला सोडतं. कोणीतरी काढलाय."

"मी काढला," भाऊजी म्हणाले.

"काढतात बरेच जण," गीझरवाला म्हणाला आणि गुडघा चोळत पायरीवर बसला.

आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं वहिनींना वाटलं. मग सांगितलं असतं तर त्यांनी गीझर बदलूच दिला नसता, असंही वाटलं. त्या पुढे होऊन म्हणाल्या, "भाऊजी, चूक आमची आहे. तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्ही एवढं करता..."

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "तुम्ही याआधीच का नाही केलं हे?"

वहिनींना वाटलं टोमणा आहे. पण भाऊजींच्या चेहऱ्यावर टोमण्याचं काही चिन्ह नव्हतं. ते खपल्यांच्या ढिगाकडे बघत होते.

"मला यातलं काही कळत नाही," ते म्हणाले. "कधीच कळत नव्हतं. तो रेडिओ मी उघडला, आत बघून घाबरलो आणि परत बंद केला. एवढंच. तर सगळे टाळ्या वाजवायला लागले."

"मग इतकी वर्षं?" नवऱ्याने विचारलं.

"तू बोलवायचास. नाही म्हटलं तर तुला वाईट वाटलं असतं."

नवऱ्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी बोलवायचो, कारण नाही बोलावलं तर तुला वाईट वाटलं असतं."

दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. गीझरवाला एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. एवढा वेळ तो गप्प बसल्याचं वहिनींनी पहिल्यांदाच पाहिलं.

"आणि ते कपड्यांचं मशीन?" वहिनींनी न राहवून विचारलं. "तेव्हा तर तुम्ही बोलणंच सोडलं होतं."

"तेव्हा मला इतकं सुटल्यासारखं वाटलं होतं की बोललो असतो तर हसू फुटलं असतं. म्हणून भिंतीकडे बघायचो."

वहिनींना क्षणभर त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. कोमट पाण्याच्या त्या सगळ्या आंघोळी, तो डबा, पंख्यासाठी जळणारा दिवा. मग भाऊजींचे मातीचे बूट दिसले, पायरीवरची पुडी दिसली. मोजणी सोडून हा माणूस वॉशर द्यायला आला होता, आणि वॉशर कुठे बसतो हेही त्याला बहुधा ठाऊक नव्हतं. राग कुठल्या कुठे गेला, आणि त्या "चहा टाकते" म्हणून वर गेल्या.

चहा घेऊन खाली आल्या तेव्हा भाऊजी गीझरवाल्याशी हळू आवाजात बोलत होते.

"इथलं आटोपलं की माझ्याकडे याल का?"

"तुमच्याकडे काय झालंय?"

"गीझर बंद आहे."

"कधीपासून?"

"बायकोला विचारावं लागेल. तिच्या चांगलं लक्षात आहे."

वहिनी चहा घेऊन पायरीवरच थांबल्या. धाकटी जाऊ फोनवर इतक्यांदा बोलली होती, पण पाणी शेगडीवर तापवावं लागतं हे तिने एकदाही सांगितलं नव्हतं. बहुधा तिलाही कुणाला तरी वाईट वाटू द्यायचं नव्हतं.

दुपारपर्यंत वहिनींचा नवा गीझर भिंतीवर लागला. दर काही महिन्यांनी खालचा नळ सोडून गाळ काढायचा आणि रॉडला हात लावायचा नाही, असं गीझरवाल्याने बजावून सांगितलं. सांगताना तो भाऊजींकडे बघत नव्हता, हे त्याने मुद्दामच केलं असावं. मग तो लंगडत भाऊजींच्या मागोमाग गेला.

संध्याकाळी जावेचा फोन आला. ती काही बोललीच नाही, नुसती हसत होती, आणि मागे नळाचा आवाज येत होता.

पुढचा रविवार उजाडला आणि भाऊजी आले नाहीत. त्याच्या पुढचाही तसाच गेला. पाणी चांगलं कढत येत होतं, पण नवरा घरभर फिरत राहायचा. मध्येच खिडकीशी जायचा, परत यायचा, वर्तमानपत्र उलटं धरायचा.

"फोन करा की," वहिनी म्हणाल्या.

"काय म्हणून करू? काही बिघडलेलं नाही."

शेवटी वहिनींनीच केला.

"काय बिघडलंय?" भाऊजींनी उचलल्या उचलल्या विचारलं.

"काही नाही. जेवायला या दोघं."

"खरंच काही नाही?"

"खरंच नाही."

"मग येतो," भाऊजी म्हणाले.

ते आले, पिशवीशिवाय. बैठकीत बसल्यावर हातांचं काय करावं हे त्यांना कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग खिशात घातले, मग जावेने त्यांच्याकडे सोलायला लसूण दिला. भावाभावांना बोलायला विषय सापडेना. पकड दे, दिवा धर, मेन स्विच बंद कर याखेरीज ते गेली कित्येक वर्षं एकमेकांशी काही बोललेच नव्हते. जेवणानंतर नवऱ्याने सहज विचारलं, जमिनी मोजताना लोक भांडतात का रे? भाऊजी म्हणाले, भांडतात म्हणजे काय! आणि एका बांधावरून दोन सख्खे साडू साखळी धरून कसे दिवसभर ओढाताण करत बसले ते त्यांनी सांगायला घेतलं. नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. हे असं सांगता येतं या माणसाला, वहिनी भांडी आवरता आवरता मनाशी म्हणाल्या, आणि आपण याला सतत शिडीवर चढवत आलो.

दुपारी भाऊजी सोफ्यावरच झोपले, तोंड उघडं टाकून. कुणी उठवलं नाही.

निघताना दाराशी ते म्हणाले, "पुढच्या रविवारी नाही जमणार, वहिनी. आम्ही दोघं कुठेतरी जाणार आहोत."

"कुठे?"

भाऊजींनी बायकोकडे पाहिलं, तिने त्यांच्याकडे. ते अजून ठरलेलं नव्हतं.