पेल्यात विरलेलं मांस

पोटाच्या दुखण्यांवर मंतरलेलं पाणी देणाऱ्या बुवाला मटणवाल्याकडून काय मिळायचं होतं, ते आधी पाहू. दक्षिणा देणारे रांगेत होतेच. त्याला हवी होती मटणवाल्याची मान, सगळ्यांदेखत होकारार्थी हललेली. मांस ताजं की शिळं, हे मटणवाला बोट लावून सांगे आणि गल्ली त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवी. शिवाय बुवाला चेष्टेने ‘पोटपुजारी’ हे नाव ठेवणाराही तोच.

आणि मटणवाल्याला काय हवं होतं? अंगावर जरा मांस असलेली बायको.

तिला सीलिअ‍ॅक नावाचा आजार होता. पोटात गहू गेला की तिचं शरीर स्वतःच्याच आतड्याचं अस्तर कुरतडायला लागे. डॉक्टरीणबाईंनी गहू जन्माचा बंद केला होता आणि ‘मांस खुशाल खा’ म्हणून सांगितलं होतं. पण दुकानातला खिमा खाल्ला की ती दुसऱ्या दिवशी आडवी. हिला मांस पचत नाही, असं घरात ठरूनच गेलं. आता तर तिला पाचवा महिना होता आणि बोटातली अंगठी हात धुताना गळून पडत होती.

बुवाच्या सभेला खिडक्यांतही माणसं लटकली होती. मटणवाल्याला त्याने मंचावर बोलावलं.

“मांस तुमचं, सुरी तुमची, हात तुमचा. माझं फक्त पाणी.”

मटणवाल्याने मांस हुंगलं, दाबलं आणि बुवाने सांगितल्याप्रमाणे कागदासारखी पातळ चकती कापली. दिव्याशेजारी कोमट राहिलेल्या पाण्याच्या पेल्यात ती सोडून बुवाने तोंड उघडलं, ते दोन तास मिटलं नाही.

“जठर म्हणजे चूल. चूल विझली तर डॉक्टर काय करतात? लाकडंच बंद करतात.”

सभा हसली. प्रवचन संपेपर्यंत चकतीचे दोरे सुटले होते. बुवाने चमचा फिरवला, उरलं नुसतं गढूळ पाणी.

“बोला मटणवाले, मांस कुठाय?”

“विरलं,” मटणवाला म्हणाला आणि मान हलली.

“जे पाणी मांस गिळतं, त्याला पावाचा तुकडा जड जाईल?”

मटणवाला त्या पाण्याची बाटली घेऊन घरी आला. सभेला यायचं त्राण बायकोच्या अंगात नव्हतं.

“अहो, पण गहू नको म्हटलंय ना बाईंनी?”

“अगं, डोळ्यांनी पाहिलंय मी. माझं स्वतःचं मांस होतं.”

“तुमचं नव्हे, बोकडाचं,” ती हसून म्हणाली आणि बाटलीतलं पाणी पिऊन तिने पाव मोडला.

उलट्या-जुलाब झाले तर घाबरायचं नाही, विष बाहेर पडतंय समजायचं, असं बुवाने बजावलं होतं. बरं वाटलं तर पाण्याचा गुण, वाईट वाटलं तर विषाचा अवगुण. बुवाकडे बोट जायला वाटच नव्हती. ती रोज पाव खात राहिली, विष बाहेर पडत राहिलं. शेवटी तिला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. ती वाचली. बाळ वाचलं नाही.

“त्यानेच गेलं का हो?” मटणवाल्याने विचारलं.

“शपथेवर नाही सांगणार,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण अंगात रक्त नाही, पाणी नाही, खाल्लेलं लागत नाही. ते तगायचं कशावर?”

“पण मांस खरंच विरलं, बाई.”

“जून मटण शिजेना, तर गिऱ्हाइकाला काय सांगता?”

“कच्ची पपई चोळा म्हणून...” तो बोलून गेला.

“पपईच्या चिकाची पूड विकत मिळते. कोमट पाण्यात ती पातळ चकतीचा भुगा करते. त्याने गव्हाचा धोका टळत नाही. आणि मांस तर तिला आधीपासून पचत होतं.”

“मग खिम्याने का पडायची?”

“खिम्याच्या यंत्रातून आणखी काय काढता?”

 तळायच्या वड्यांचा खिमा त्याच यंत्रातून निघे, पावाचा चुरा घालून. यंत्र धुतलं जाई दुकान बंद करताना. बायकोचा वाटा निघे दुपारी.

पुढच्या सभेत तो न बोलावता मंचावर चढला. पपईचा चीक घातलेला स्वतःचा पेला त्याने बुवाच्या पेल्याशेजारी ठेवला आणि दोन्हींत चकती सोडली.

“करा प्रवचन.”

“अश्रद्धेची नजर लागली की पाणी मरतं,” बुवा म्हणाला.

“मग फडकं टाका.”

कुणीतरी मागून हसलं. दोन तासांनी फडकं काढलं तेव्हा दोन्ही पेले सारखेच गढूळ होते.

“मी मांस तपासलं, पाणी तपासलं नाही,” मटणवाला लोकांना म्हणाला. “तुम्ही तपासा. पोटात काही घालायच्या आधी विचारा, यात काय आहे. जो सांगत नाही, त्याचं घेऊ नका. डॉक्टरने बंद केलेलं, डॉक्टरला विचारल्याशिवाय सुरू करू नका.”

काही लोक खाली मान घालून उठले. काहींनी जाता जाता बाटली घेतलीच.

आता कुणाचं काय गेलं ते पाहू. बुवाने गाव बदललं. पेला सोबत नेला. गल्ली थोडे दिवस ओशाळली. मटणवाल्याने घरासाठी वेगळं यंत्र आणलं. त्यातला खिमा बायको खाते आणि तिला तो पचतो. जेवताना ती त्याची चेष्टा करत नाही.

खरी किंमत मोजली तिने आणि तिच्या पोटातल्याने. त्या दोघांनी तो पेला पाहिलाही नव्हता.