डोळा आई देती

शाळा सोडली तवा बाप म्हणला, "कंपनीच्या भिंती चढायल्यात, विटा वाहायला जा." पिंपरीला नवी कंपनी उभी ऱ्हात होती, निम्मं गाव तिकडंच पळत होतं. मला विटा नको होत्या. मला चिंचवड ठेसनासमोरच्या दौलतराव पेंटरच्या दुकानात हात चालवायचा होता. बाप म्हणला, "सोमवारपतुर त्यानं ठेवला तर ठेवला. न्हाईतर पाटी डोक्यावर."

शनिवारी दौलतरावांनी एक बोर्ड पुढ्यात टाकला. चाकणच्या बाजारात तंबूतला सिनेमा लागणार, त्यातली बाई. कोळशानं चेहरा आखला आन् म्हणले, "लॉरी यायच्या आत रंग भरून ठेव. जमलं तर ऱ्हा. न्हाईतर घरी जाऊन मडकी बडव."

मडकी बडव म्हणले, तिथंच डोकं फिरलं. पण कुंचला उचलला. लुगडं भरलं, केस भरले, ओठ भरले. गालाच्या गुलाबीत जरा पिवळा मारला, तशी उन्हात बसल्यागत दिसाय लागली. हात थांबतच नव्हता. मग थांबला.

दौलतराव जेवून आले. "गेनू, डोळे कुठायत?"

"डोळा शेवटी असतो."

"शेवटच आलाय की! लॉरी दारात हाय!"

"डोळा आई देती," मी बोलून गेलो.

रंग कालवणारा लक्ष्मण खोकला येईस्तवर हसला. "बोलीव मग आईला! पगार बी तिलाच देऊ!"

आमी कुंभार. पोळ्याचे मातीचे बैल घरात सगळी मिळून करतो, पण डोळा एकटी आई देती, आंघूळ करून, एक शबूद न बोलता. अर्धवट बैलाला डोळा दिला तर त्यो सवताचं मोडकं अंग बघतो, मग दावणीला ऱ्हात न्हाई, म्हणती. मला हे खरं वाटत न्हाई. हाताला वाटतं, त्याला मी काय करू?

"आंधळी बाई बघायला तिकीट कोण काढील रं?" लक्ष्मण थांबंना.

मी कुंचला काळ्यात बुडवला आन् रागाच्या भरात दोन डोळे मारले. लांब, कानाकडं वढलेले, काळेभोर, आत एक पांढरा ठिपका. मागं सरून बघितलं. बाईला बैलाचे डोळे!

"अरारा," लक्ष्मण म्हणला, "शिंगं तेवढी ऱ्हायली."

पुसायला येळ नव्हता. दौलतरावांनी बोर्ड लॉरीत चढवला आन् मलाबी. "चल. तुझी करणी तूच बघ."

चाकणला तंबूच्या तोंडाशी बोर्ड टांगला. पोरं खिदळली. भाजीची पाटी घेतलेली एक बाई थबकली, डावीकडं सरली, उजवीकडं सरली. "अगं बया, कुठंबी जा, ही आपल्याकडंच बघती." तिनं शेजारणीला हाका मारल्या. मग गर्दीच झाली. दौलतराव बोर्डाकडं न्हाई, माणसांकडं बघत चहा पीत होते. माझा पाय एका जागी ठरत नव्हता.

"सोमवारी ये," शेवटी ते म्हणले. "पण बायांचे डोळे मी करीन. तू दरोडेखोर घे."

घरी आलो. "बाईचा बोर्ड रंगवला. पेंटरनं ठेवला," म्हणलो.

"रंग खाऊन पोट भरतंय का बघू," बाप म्हणला.

आईनं इचारलं, "डोळे कुणी दिले?"

"मी."

"आंघूळ केलतीस?"

"न्हाई."

ओसरीवर पोळ्याचे बैल वाळत होते, बिनडोळ्यांचे. तिनं काजळीची वाटी माझ्याकडं सरकवली. "मग ह्यास्नीबी दे."

मी काडी बुडवली. हात हलंना. काजळी टिपकून जमिनीवर पडली. काडी ठेवली आन् उठलो.

"आता कुठं निगालं भूत?" बाप वरडला.

"नदीवर. आंघूळ करून येतो."