कोच हँकेंच्या टेबलावरचं मीठ

मित्रांनो, मी नेब्रास्कातल्या एका छोट्या गावच्या खानावळीतली मिठाची जुनी बाटली आहे. अंग काचेचं, डोक्यावर पत्र्याची टोपी आणि टोपीला एक पोचा. तो पोचा मला फुटबॉल खेळताना पडला.

हसू नका! आमच्याकडे लांबट चेंडू काखेत मारून पळण्याचा फुटबॉल खेळतात, आणि शाळेच्या संघाचे डावपेच खिडकीजवळच्या टेबलावर ठरतात. कोच हँके रोज सकाळी अंडी-बटाटे खायला येतात आणि खाता खाता फौज मांडतात. मोहरीची बाटली म्हणजे चेंडू फेकणारा. साखरेच्या पुड्या म्हणजे पुढची आडदांड पोरं. जॅमच्या डब्या म्हणजे समोरचा संघ. आणि चेंडू घेऊन पळणारा गडी? तो मान माझा! बावीस वर्षं कोचनी मला उचललं आणि जॅमच्या डब्यांमधून सरळ घुसवलं.

गेली दोन वर्षं मी म्हणजे क्लिंट होते. क्लिंट हा इथं वाढपाचं काम करणाऱ्या व्हर्नाबाईंचा मुलगा. पोरगा नुसता बैल. व्हर्नाबाई रोज सकाळी पदर नसला तरी ॲप्रनच्या टोकानं माझी टोपी पुसायच्या. तेव्हा मी किती मिरवत होते, काय सांगू!

मग या वर्षी एफ्राईन सोलिस आला. त्याच्या वडलांना मांसाच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून ते कुटुंब गावात राहायला आलं. पहिल्याच आठवड्यात कोचनी मला उचलून नॅपकिनच्या डब्यापाशी ठेवलं आणि माझ्या जागी मिरपुडीची बाटली ओढली.

"हा पोरगा पळतो, चेंडू झेलतो, समोरच्याला अडवतोसुद्धा," ते आपल्या सहायकाला, पेट्राकला म्हणाले. "कुठंही उभा करा."

"आणि क्लिंट?"

"क्लिंट सरळ पळतो रे. पण त्याच्याकडे चेंडू फेकलास, तर आधी छातीवर आपटतो, मग त्याला कळतं."

मित्रांनो, माझा नुसता जळफळाट झाला. ती मिरपूड कधी मोहरीच्या मागे, कधी तिच्या शेजारी, कधी पार टेबलाच्या कडेला चेंडू झेलायला! सगळं टेबल तिला आंदण दिल्यासारखं. आणि मी नॅपकिनांच्या पायाशी. सवत बरी, असं मला झालं. खोटं कशाला बोलू, ती खाली पडून फुटावी असं मी रोज मनात म्हणायचे.

जळणारी मी एकटी नव्हते. शाळेचं शेवटचं वर्ष, शेवटचा सामना दोन दिवसांवर, तोही शेजारच्या गावाशी. त्यानंतर क्लिंट पुन्हा कधी खेळणार नव्हता. आणि टेबलावरच्या डावात मीठ नव्हतं. व्हर्नाबाई कॉफी ओतायला आल्या आणि त्यांनी ते पाहिलं.

"कोच, माझं मीठ कुठाय?"

"राखीव खेळाडूंच्या बाकावर आहे, व्हर्ना. जरा कॉफी दे."

"दोन वर्षं तुमच्यासाठी हाडं मोडून घेतली त्यानं. आणि शेवटच्या दिवशी बाकावर?" असं म्हणत त्यांनी मिरपुडीची बाटली उचलली आणि टेबलाच्या पार दुसऱ्या कडेला आदळली. "ही तिकडे राहू दे!" मग मला धरलं आणि मधोमध ठेवलं. "आणि माझा पोरगा इथं!"

पेट्राकनं मान खाली घातली. कोच ओरडणार, तेवढ्यात त्यांची नजर टेबलावर खिळली.

"थांबा. हात लावू नका कुणी."

त्यांनी जॅमच्या दोन डब्या सरकवत मिरपुडीच्या मागे नेल्या. "एफ्राईन तिकडे सुटला, तर ह्या दोघांना जावंच लागेल. त्याला मोकळा सोडायची कुणाची छाती आहे?" मधे चांगली हातभर वाट पडली. कोचनी मला एका बोटानं त्या वाटेतून ढकललं.

"दोघंही खेळतील," ते म्हणाले. व्हर्नाबाई डोळे पुसत आत गेल्या.

सामना तसाच झाला. शेवटच्या मिनिटाला एफ्राईन कडेनं सुटला, दोघं त्याच्या मागे धावले आणि क्लिंट मधून पार झाला. जिंकलो! शनिवारी सकाळी दोन्ही पोरं खानावळीत आली. जो तो क्लिंटच्या पाठीवर थाप मारत होता. मी तर अशी फुगले होते की विचारू नका. चांगली जिरली हिची, असं मिरपुडीकडे बघून मनात म्हणाले.

तेवढ्यात क्लिंटनं विचारलं, "एफ्राईन, चेंडू मला मिळणार हे तुला ठाऊक होतं ना? मग कुत्रं मागे लागल्यासारखा का पळालास?"

"हळू पळालो असतो तर त्यांना कळलं असतं ना!" एफ्राईन म्हणाला. "मग तुझ्या अंगावर दोघं आणखी आले असते."

व्हर्नाबाईंनी कॉफीचं भांडं तिथंच टेबलावर ठेवलं. मग आत जाऊन दोन थाळ्या घेऊन आल्या. भरगच्च थाळी त्यांनी एफ्राईनपुढे ठेवली.

"आई, ती माझी!" क्लिंट ओरडला.

"तू गप रे. तू नुसता सरळ पळालास."

मित्रांनो, माझा हेवा अजून गेलेला नाही. फक्त आता तो टेबलभर फिरण्याचा नाही. चेंडू आपल्याला मिळणार नाही हे ठाऊक असताना इतकं जीव तोडून पळणं, हे मला बावीस वर्षांत एकदाही सुचलं नाही.

आम्हा बाटल्यांना फार काही लागत नाही. टोपीची भोकं मोकळी ठेवा, ओल लागू देऊ नका. आणि टेबल पुसायला घ्याल तेव्हा आधी मिरपुडीची टोपी पुसा, मग माझी. मला वाईट वाटेल. वाटू द्या.