तारेखालची रोपं

"हा पट्टा गेल्या वर्षी कुणाकडे होता?"

कुदळीच्या दांड्यावर हात ठेवून मुकादमीण उभी होती. पाण्याच्या टाकीमागचा हा उतार गेल्या वर्षी घासूनपुसून साफ केलेला. आणि आता तिथे घाणेरीची वीतभर रोपं परत उभी होती. तीही एका रेषेत, कुणी दोरी धरून लावल्यासारखी.

वाकून काम करणाऱ्या दहाबारा जणांपैकी कुणीच मान वर केली नाही. तिचा धाकटा दीर तेवढा म्हणाला, "माझ्याकडे होता, वहिनी."

"हं," ती म्हणाली. तिच्या 'हं'ला सगळे घाबरत.

टाकी बांधली तेव्हा कुणीतरी हौसेने ही घाणेरी आणली होती. एकाच गुच्छात पिवळी, केशरी, गुलाबी फुलं. शोभेला याहून काय हवं? पुढे शोभेने सगळी टेकडी गिळली. गवत गेलं, गवतामागे गुरं गेली. बावीस वर्षं मुकादमीण तिच्याशी झुंजत होती. नुसती फांदी छाटून ही बाई मरत नाही, हे ती प्रत्येक नव्या माणसाला सांगे. जमिनीत दोन बोटं खाली, मुळाच्या मानेवर घाव घालायचा आणि झुडूप उलटं टाकायचं, मुळं आभाळाकडे करून. मान राहिली की महिन्याभरात डोकं वर.

माणसं मागे तिला 'दुर्बीण' म्हणत. शेजारणीने वाटीभर साखर परत केली तर ती वाटी हलवून बघे. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून चाखे. तिला तसं करणारे लोकच होते म्हणा. नवरा गेला तेव्हा ज्यांनी ज्यांनी "आमच्यावर सोडा" म्हटलं, त्या प्रत्येकाने घरातलं काही ना काही उचलून नेलं होतं. राहिला होता फक्त हा दीर. अबोल, कामाला संथ. तिनेच शब्द टाकून त्याला इथे चिकटवला होता.

दुपारी वनखात्याचे साहेब पट्टा बघायला आले. रोपांकडे बघत म्हणाले, "बाई, झाड संपलं की काम संपतं. मग झाड संपावं असं कुणाला वाटेल?"

"माझी माणसं तशी नाहीत, साहेब."

"मी कुठं काय म्हणालो?"

पण म्हणायचं ते म्हणून झालं होतं. ते वाक्य तिच्या डोक्यात माशीसारखं फिरत राहिलं. कोण मुद्दाम मान ठेवतंय? ती एकेकाचे हात बघू लागली, कुदळीचा आवाज ऐकू लागली. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की सुट्टी झाल्यावर दीर सगळ्यांबरोबर टेकडी उतरत नाही. घरी तासाभराने येतो.

"कुठं होता, भावजी?"

"इथंच."

"इथंच म्हणजे कुठं?"

"वर."

एका संध्याकाळी ती टाकीच्या भिंतीआड थांबली. सगळे उतरून गेले. दीर मागे वळला, त्याच पट्ट्यात गेला, रोपांच्या रांगेशेजारी दगडावर बसला. त्याचे हात मातीत काहीतरी करत होते. एवढ्या लांबून काय ते दिसलं नाही. तिला ते बघायची गरजही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून तिने सांगितलं, "मान ठेवतो तो. माझा दीर असला तरी सांगते."

त्या 'असला तरी'चा तिला थोडा अभिमानही वाटला होता.

दिराला कामावरून कमी केल्याचं त्याच दुपारी कळवलं. तो भांडला नाही. "बरं," म्हणाला, कुदळीची माती हाताने पुसली आणि ती भिंतीला टेकवून निघाला. चार दिवसांनी त्याने घरातली आपली ट्रंकही हलवली. लाकडाच्या वखारीत काम मिळालं होतं, मागे खोलीही होती.

"घर काय खायला उठलंय का?" ती म्हणाली.

"तिथून जवळ पडेल," तो म्हणाला.

पट्टा तिने स्वतः, गुडघे टेकून, पुन्हा साफ केला. कुणाला हात लावू दिला नाही. आणि पुढल्या वर्षी रोपं परत आली. तीच रेषा, तेवढंच अंतर.

आधी तिला वाटलं, आता दुसरा कुणीतरी. त्याला रंगेहाथ पकडायचा म्हणून जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच पट्ट्यात बसून राहिली. माणूस कुणी आला नाही. डोक्यावर पंपघराकडे जाणारी विजेची तार होती. तारेवर बुलबुल येऊन बसत, शेपट्या हलवत आणि खाली शिटून जात. दोन गेले, तीन आले.

तिने वर पाहिलं. मग खाली पाहिलं. रोपांची रेषा बरोबर तारेखालून चालली होती.

तिने एक रोप उपटलं. खाली जुनी मान नव्हती, खुंट नव्हता. दोऱ्याएवढं बारीक, पांढरं मूळ होतं. बीतून उगवलेलं रोप. दुसरं उपटलं. तिसरं. बावीस वर्षांत शेकडो लोकांना तिने मूळ ओळखायला शिकवलं होतं, आणि दिराचं नाव घेण्याआधी यातलं एकही रोप तिने उपटून बघितलं नव्हतं.

बुलबुल उडाले ते साहेबांच्या बंगल्याकडे. तिथलं कुंपण घाणेरीचं होतं. दर महिन्याला तीच ते कातरायची, बाईसाहेबांना फुलं हवीत म्हणून शेंडे राखून. शेंड्यांवर काळीभोर फळं लगडली होती.

मूठभर रोपं घेऊन ती तडक साहेबांपुढे गेली. सगळं सांगितलं.

साहेब हसले. "अहो, ते कुंपण आहे, जंगल नाही."

"पाखराला कुठं कळतंय, साहेब?"

"हिचा जीव आहे त्या फुलांवर. बघू पुढे."

"आणि माझा दीर?"

साहेबांनी कागद सारखे केले. "त्याच्या जागी माणूस घेऊन वर्ष झालं. आणि बाई, सांगितलं तर तुम्हीच होतं."

रविवारी ती वखारीमागच्या खोलीवर गेली. दिराने तिच्यासाठी खुर्ची पुसली, चहा टाकला. तिने तार सांगितली, बुलबुल सांगितले, कुंपण सांगितलं. तो ऐकत होता. शेवटी ती म्हणाली, "माझं चुकलं, भावजी."

"असू दे, वहिनी."

"पण मग संध्याकाळी तिथं बसून काय करायचात?"

त्याने कपातली साय बोटाने बाजूला केली. "काही नाही. माती चिवडायचो. घरी आलो की तुम्ही विचारणार, कुठं होता, कुणाबरोबर होता, उशीर का झाला. तिथं कुणी काही विचारायचं नाही."

चहा निवला होता. तरी तिने तो संपवला.

ती निघाली तेव्हा तो तिला नाक्यापर्यंत पोचवायला निघाला. वळणावर तिने मागे बघितलं. खोलीचं दार तो सताड उघडं टाकून आला होता. आत खुंटीवर सदरा, पलंगाखाली ट्रंक, सगळं रस्त्यावरून दिसत होतं.

ती थांबली. 'दार लावलं नाहीत?' अगदी ओठांवर आलं होतं. मग पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि ते न विचारता त्याच्या बरोबरीने चालू लागली.