चाक न काढता

कोलशेतच्या कोळीवाड्यातली मालू बावन्नाव्या वर्षी बॅटरीची दुचाकी शिकली. मासळीची पाटी घेऊन रिक्षात बसलं की शेजारचे नाकाला रुमाल लावायचे, ते तिला कधीच सोसलं नव्हतं. आता थर्माकोलची पेटी मागे बांधायची आणि आपल्या मर्जीने निघायचं. दोन वर्षांत गाडीने तिला कधी दगा दिला नव्हता.

त्या रविवारी पेटीत खाडीची बोय होती, कोळंबी होती आणि सगळ्यांच्या वर हातभर लांबीचा जिताडा. तो मानपाड्याच्या नीला प्रधानांसाठी होता. नीलाबाई निवृत्त शिक्षिका. टिटवाळ्याहून त्यांचा भाऊ जेवायला यायचा होता आणि मासा साडेदहापर्यंत हवा, असं त्यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. ढोकाळीच्या अलीकडे गाडी मागून डुलायला लागली. मालू उतरली. मागचं चाक पार बसलं होतं.

पन्नास पावलांवर महिपतचं पंक्चरचं दुकान होतं. मालूने गाडी तिथवर ढकलत नेली. महिपत साताऱ्याकडचा, चाळिशीतला, मोजकं बोलणारा. त्याने गाडी बघूनच मान हलवली. या गाड्यांची मोटर मागच्या चाकातच असते, तिची वायर थेट आत जाते. मागे एकदा असंच चाक काढताना त्याच्या हातून वायर तुटली होती आणि तो गाडीवाला आठवडाभर रोज येऊन दुकानासमोर बसला होता. तेव्हापासून त्याने बॅटरीच्या गाडीला हात लावणं सोडलं होतं. कंपनीच्या माणसाला बोलवा, तो म्हणाला.

मालूने बोलावून बघितलं. माणूस सोमवारी येईल, असं उत्तर मिळालं.

तिने नीलाबाईंना फोन करून आपण कुठे अडकलोय ते आणि उशीर होईल म्हणून सांगितलं. मग चाकाजवळ उकिडवी बसली आणि टायर दाबून, वाकवून बघत राहिली.

"चाक कारूच नको, भाऊ," ती म्हणाली. "जालं फाटलं तं आमी आख्खं जालं होरीवरशी उतरवत नाय. फाटलं तवरंच वर घेताव. ट्यूब एका बाजूशी बाहेर येल का नाय?"

महिपतने वाकून चाकाच्या दोन्ही बाजू बघितल्या. येईल, पण वायरच्या बाजूने नाही, दुसऱ्या बाजूने, तो स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला. मग त्याने गाडी स्टँडवर घेतली.

टायर रिमवरून एकाच बाजूने सुटला. ट्यूब बाहेर आली, पण ती चाकातच अडकलेली, त्यामुळे पाण्याच्या टपात बुडवता येईना. मालूने पेटीचं झाकण काढून त्यात वितळलेल्या बर्फाचं पाणी ओतलं आणि ते ट्यूबखाली धरलं. महिपत हवा भरून एकेक भाग त्यात दाबत गेला. चौथ्या वेळी बुडबुडे आले. त्याने जागा घासली, ठिगळ चिकटवलं, ट्यूब आत घातली, हवा भरली.

पाच मिनिटांत चाक पुन्हा बसलं.

महिपतचा चेहरा पडला. त्याने टायर पुन्हा एका बाजूने सोडवला आणि आत काही रुतलंय का, ते मालू चाचपू लागली. एवढ्यात नीलाबाई रिक्षाने तिथेच येऊन पोचल्या. मासा घ्यायला आल्या होत्या, पण मालूचा हात कोपरापर्यंत टायरमध्ये बघून त्या थांबल्या. त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावून आत उजेड धरला. मालूची बोटं टायरच्या आतून हळूहळू सरकत होती. लहानपणापासून जाळ्यातले काटे वेचलेली ती बोटं. एका जागी ती थांबली.

"हतं हाय," ती म्हणाली.

केसाएवढी बारीक तार होती, बाहेरून दिसतही नव्हती. महिपतने ती पकडीने ओढून काढली आणि तळहातावर ठेवली; तिघांनी ती बघितली. पहिल्यांदाच आतून हात फिरवायला हवा होता, हे त्याने आपणहून कबूल केलं. दुसरं ठिगळ लागलं. या वेळी दहा मिनिटं थांबूनही चाक टणक राहिलं.

तोवर मालूने तिथेच बसून जिताडा साफ करून दिला. पंक्चरच्या दुकानात मासा कापलेला नीलाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा बघितला होता, आणि हे भावाला सांगायचं, या खुशीत त्या रिक्षात बसल्या. मालूने महिपतच्या हाती दोन बोया ठेवल्या. गावाकडे त्याने नदीचेच मासे खाल्ले होते, त्यामुळे बोय कशी करायची ते त्याने दोनदा विचारून घेतलं. आंबट जास्त घाल, तिने बजावलं, आणि निघाली. गाडी सरळ पळत होती. कोळंबी मनोरमानगरातल्या पहिल्याच सोसायटीत संपली.

पुढच्या रविवारी ती त्याच रस्त्याने गेली, तेव्हा दुकानासमोर बॅटरीची एक पांढरी गाडी स्टँडवर उभी होती. मागचं चाक जागच्या जागी, ट्यूब तेवढी एका बाजूने बाहेर. महिपत टायरच्या आतून बोटं फिरवत होता, डोळे मिटून. मालूने हॉर्न न वाजवता गाडी पुढे काढली.