हळदकुंकवाचा मॅग्नेट

आकांक्षा तांडेलला त्या एका शोधनिबंधातून मिळायचं ते असं. नावाआधी डॉक्टर. जर्मनीतल्या लॅबमध्ये जवळजवळ ठरलेली जागा. आणि करी रोडच्या चाळीतल्या त्या खोलीतून सुटका, जिथे अंधारातही कोण घोरतंय ते आवाजावरून ओळखू येई. तिच्या लेखी हा शेवटचा लाभ पहिला होता.

विषय अल्कोहोलचं ऑक्सिडेशन. चाळीने त्याचं सोपं रूप करून टाकलं होतं.

"काय गो सुभद्रे, चेडू अजून दारूवरच?" शेजारचे बुधाजी विचारत.

"तुमचा पिऊन होवक नाय, मग तेचा शिकान कसा होतला?" आई ठेवून देई.

अल्कोहोलातून हायड्रोजन काढून घेतला की अत्तराला, औषधाला लागणारा माल तयार होतो. जुनी रीत क्रोमियमची. काम चोख, पण मागे विषारी गाळ. आकांक्षाच्या रीतीत फक्त पाणी, हवा आणि एक सेंद्रिय उत्प्रेरक. धातूचा कणही नाही. दुपारपर्यंत फ्लास्कमधून कडू बदामाचा वास आला, की माल तयार. त्या 'धातूविना'वर तिचे गाइड हर्षवर्धन सर गावोगाव भाषणं देत होते.

अडचण एकच, नवी ज्युनियर प्रिती. तिच्या हातून तीच रिअ‍ॅक्शन काही केल्या होईना. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "रेसिपी समोर असून मॅगी जमत नाही तुला?"

प्रिती बाथरूममध्ये जाऊन रडली. आकांक्षाला राहवेना. रविवारी लॅब रिकामी असताना तिने दोघींच्या फ्लास्कमधल्या मॅग्नेटांची, म्हणजे आत फिरून मिश्रण ढवळणाऱ्या चुंबकाच्या कांड्यांची, अदलाबदल केली. प्रितीच्या फ्लास्कमधून बदामाचा वास सुटला. तिचा स्वतःचा मात्र गप्प.

आता कुठे तिला कळलं. या लॅबमध्ये एक रीत होती. जाणारा सीनियर खंडेनवमीच्या पूजेला आपला मॅग्नेट हळदकुंकू लावून ज्युनियरच्या हातावर ठेवी. हात चालतो म्हणे त्याने. आकांक्षाला तो तिच्या सीनियरने, राजरत्नने दिलेला, आणि राजरत्न आयुष्यभर पॅलेडियम नावाचा धातू ढवळत बसलेला. कांडीच्या चऱ्यांमध्ये तो धातू रुतून बसला होता. काम तो करत होता, नाव हवेचं होत होतं.

"सर, धातू आहे. मॅग्नेटमध्ये."

सरांनी चष्मा पुसला. "कोणी विचारलं?"

"कोणी नाही."

"मग तू कशाला उत्तर देतेस? निबंध मागे घेतला तर माझी थोडी शोभा होईल. तुझी मात्र पाटी कोरी. जर्मनीला काय कळवणार? चुंबक लबाड निघाला?"

त्याच संध्याकाळी जर्मनीहून मेल आली: स्वागत आहे, आल्याआल्या तुमची पद्धत आमच्याकडे उभी करून द्या.

म्हणजे कांडी एक, गरजू दोघी. खरं बोलावं तर पुन्हा ती खोली, ते घोरणं, वर बुधाजींची चौकशी. गप्प राहावं तर कांडी सोबत न्यायलाच हवी. आणि रीत मोडून ती प्रितीला दिली नाही, तर सगळे विचारणार.

खंडेनवमीला तिने स्टोअरमधला कोरा मॅग्नेट उचलला आणि त्यावर हळद जरा सढळ लावली.

"ताई, किती स्वच्छ ठेवलायस गं!" प्रिती हरखली.

"जपून वापरला," आकांक्षा म्हणाली. प्रितीने वाकून नमस्कार केला. तेव्हा आकांक्षाला पाय मागे घ्यायचे होते, पण मागे टेबल होतं.

पुढचं लवकर आटोपलं. सरांना हरित रसायनशास्त्राचा पुरस्कार मिळाला. आकांक्षा जर्मनीत आहे. तिथे ती आपली कांडी कुणाला धुवायलाही देत नाही आणि सुट्टीवरही जात नाही, न जाणो कोणी वापरली तर. प्रितीने उन्हाळ्यात लॅब सोडली. "हात चालत नव्हता," सर म्हणाले, आणि तिलाही ते पटलं. जेवले सर, वाढून घेतलं आकांक्षाने, आणि बिल सगळं भरलं प्रितीने; कशाचं ते न विचारता.