बशीतली चार

पाचव्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीत मधमाशी कशाला तडफडायला येईल? म्हणून स्ट्रॉबेरीच्या फुलांवरून मऊ ब्रश फिरवून पराग हातानेच पसरावे लागतात. हे काम माझी बायको करायची. मी घड्याळं दुरुस्त करता करता तिला म्हणायचो, "फुलांना गुदगुल्या करून झाल्या असतील तर चहा टाक." चाळीस वर्षं हा आगाऊपणा केला. तिला जाऊन आता नऊ महिने झाले. चहा मीच टाकतो, एक कप.

ती गेल्यावर लेक कुंड्या न्यायला निघाली होती. "बाबा, तुमच्याच्याने पाणी घालणं व्हायचं नाही. आईचं तेवढंच जिवंत उरलंय." मी हटून बसलो. शेवटी ठरलं, या हंगामात धड फळं आली तर कुंड्या इथेच, नाहीतर तिच्याकडे. सहा कुंड्या. खरं सांगतो, सकाळी मी त्यांच्यासाठीच उठायचो. दुकान कधीच बंद केलं होतं आणि कुणाचंही घड्याळ माझ्यावाचून अडलं नव्हतं.

घड्याळाची चाकं साफ करायचा ब्रश धुऊन घेतला, डोळ्याला भिंग लावलं आणि रोज ऊन आलं की एकेक फूल धरायला लागलो. लांब पळणारे फुटवे कापले, कारण बायको कापायची. पाकळ्या गळल्या, मधला पिवळा गोंडा फुगायला लागला आणि माझं तोंड उतरलं. एक फळ एका अंगाने टम्म, दुसऱ्या अंगाने आक्रसलेलं. दुसऱ्याला चक्क दोन शिंगं. पराग पोचला नाही ती बाजू भरत नाही, एवढं मलाही कळत होतं. तरी मी ब्रशाला दोष दिला, भिंगाला दिला, ढगाळ हवेलाही दिला. नाचता येईना, अंगण वाकडं!

तिची फळं डोळ्यांसमोर होती. हंगामात रोज दुपारी बशीत चार यायची, देठासकट, चारही एका साच्यातून काढल्यासारखी. मी एक तोंडात टाकून म्हणायचो, "आज जरा आंबट आहेत." आत मायलेकींचं खिदळणं चालू असायचं. काय झालं विचारलं की दोघी म्हणायच्या, "काही नाही."

रविवारी लेक येणार होती. शनिवारी मी बाजारातून स्ट्रॉबेरीची डबी आणली, त्यातली चार देखणी निवडून बशीत मांडली. घरची सगळी तोडून वाटीत घातली आणि स्वयंपाकघरात ताटलीखाली झाकून ठेवली. लेक परत गेल्यावर फेकायची होती. या वयात मी पोटच्या पोरीला फसवायला निघालो होतो, पण कुंड्या गेल्या असत्या तर त्या खिडकीत मी काय बघत बसलो असतो?

"अगं बाई, केवढाली!" बशी बघून लेक म्हणाली. चोराच्या मनात चांदणं. मी चष्मा पुसत बसलो. ती पाणी प्यायला आत गेली ती बाहेर येईना. जाऊन बघतो तर ओट्याशी उभी, वाटी उघडी, तोंड भरलेलं आणि डोळ्यांत पाणी.

"ही का लपवलीत?"

"वाकडी आलीत. फेकणार होतो."

"आईची अशीच असायची, बाबा."

"काहीतरीच! चाळीस वर्षं माझ्या बशीत..."

"बशीत निवडलेली यायची. दहातली सहा-सात वाकडीच निघायची. ती आम्ही दोघी इथे उभ्या राहून खायचो."

"मग मला कधी सांगितलं का नाही तिने?"

लेकीने हात पुसले. "आई म्हणायची, त्यांना एक दाता वाकडा दिसला की ते अख्खं चाक टाकून देतात. उद्या कुंड्याही टाकायला सांगतील."

 मी तसं नक्की सांगितलं असतं, हे मला माहीत होतं.

कुंड्यांचा विषय तिने पुन्हा काढला नाही. संध्याकाळी निघताना बाजारातली चार मी बळेच तिच्या पिशवीत घातली. "पुढच्या रविवारी येते," म्हणाली. दार लावलं आणि घर पुन्हा नको इतकं शांत झालं.

वाटीत दोन उरली होती. सवयीने बशी काढली, पुन्हा जागेवर ठेवली. ओट्याशी उभा राहून दोन शिंगांचं फळ खाल्लं. गोड होतं. ओट्याशी तिसऱ्या माणसालाही उभं राहता येईल एवढी जागा होती. मी चाळीस वर्षं बाहेर बशी घेऊन बसलो होतो.